गाडी ओढत नाही की थांबत नाही? जुन्या पिकअपच्या मालकांसाठी

‘गाडीचं पिकअप गेलंय, काय करू?’ जुन्या मालवाहू पिकअपचे मालक हा प्रश्न वारंवार विचारतात. कुणी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतात, कुणी लासलगावला कांदा, कुणी देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला निघतात. प्रश्न एकच असला तरी त्यामागची दुखणी निराळी असतात. एकाची गाडी चढावर दम टाकते. दुसऱ्याने रेस दाबली तरी इंजिन हलत नाही. तिसऱ्याची रेस पाय काढल्यावरही खाली येत नाही. गॅरेजमध्ये मात्र तिघेही एकच सांगतात, ‘एक्सलेटरचा प्रॉब्लेम आहे.’ मग पंप उतरतो, नोझल बदलतात, पैसे जातात आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

पुढची माहिती डिझेलवरच्या, वॉरंटी कधीच संपलेल्या पिकअपसाठी आहे. गाडी तुमच्या पोटापाण्याची आहे, म्हणून कोणतं काम आधी करायचं, कोणतं टाळायचं आणि कागद कुठे लागतो, एवढंच सांगतो.

आधी तक्रार नेमकी करा

गॅरेजला जाण्यापूर्वी एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा:

- गाडी ओढत नाही, की रेस सोडल्यावर थांबत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत.
- त्रास थंड इंजिनवर होतो की गरम झाल्यावर?
- रिकामी असताना होतो की माल भरल्यावरच? कोणत्या गिअरला?
- धुराचा रंग काळा, पांढरा की निळा?
- डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला होता का? गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्रास गेला का?
- त्याआधी कोणतं काम झालं होतं, डिझेल कुठे भरलं होतं, किलोमीटर किती होते?

हा कागद मेकॅनिकचं निम्मं काम करतो. पुढे वाद झालाच तर तोच तुमचा पहिला पुरावा ठरतो, म्हणून त्यावर तारीख घाला आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. त्रास होत असताना शेजारी बसलेल्या माणसाने व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. अधूनमधून येणारं दुखणं गॅरेजच्या दारात हमखास दिसत नाही.

रेस अडकली तर त्या क्षणी काय करायचं

हे पाठ करून ठेवा आणि तुमच्या ड्रायव्हरकडूनही पाठ करून घ्या.

1. क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रल करा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या.
2. ब्रेक एकदाच पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. वारंवार दाबून सोडलात तर बूस्टरमधला व्हॅक्यूम संपू शकतो आणि पुढच्या वेळी पेडल दगडासारखं लागू शकतं.
3. डावीकडे घेऊन पूर्ण थांबा. हँडब्रेक ओढा, मगच चावी बंद करा.

चालत्या गाडीत चावी काढू नका. स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. घाटाच्या उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडून देऊ नका. कसारा असो वा खंबाटकी, तिथे न्यूट्रलचा उपयोग इंजिनची ओढ तोडण्यापुरताच आहे. त्याच दमात ब्रेकवर गाडी उभी करायची.

डिझेल इंजिनचा एक प्रकार याहून भयंकर आहे. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, आवाज चढत जातो आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट उठतात. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळतंय, असा याचा अर्थ आहे. डिझेल तोडून उपयोग होत नाही, कारण ते डिझेलवर चाललेलंच नसतं. गाडी उभी असेल आणि समोर कुणी नसेल तर टॉप गिअर टाका, पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण लावा आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. ते जमलं नाही तर हवा आत जाण्याचं तोंड जाड फळीने दाबून बंद करावं लागतं. तळहाताने किंवा कापडाने कधीही नाही. तेही जमत नसेल तर माणसं लांब न्या. त्या वेगाने फिरणारं इंजिन फुटू शकतं, आणि इंजिन पुन्हा मिळतं, माणूस नाही.

रेस का अडकते

बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि ते तुम्हाला स्वतःला सापडू शकतं. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने सावकाश दाबा आणि सोडा. ते झटकन वर आलं पाहिजे. रेंगाळलं तर आधी पायाखालची चटई उचला. वर टाकलेली दुसरी जाड चटई, घरंगळत आलेली पाण्याची बाटली, लोंबकळणारी वायर, यातलं काही पेडलखाली शिरलं होतं का ते पाहा. अमेरिकेत २००९ साली टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यात पेडल चटईत अडकणं हे एक मोठं कारण होतं आणि त्या यादीत टॅकोमा आणि टंड्रा हे पिकअपही होते.

केबलवर चालणारी जुनी पिकअप असेल तर केबल आतून गंजते, तिची एकेक तार तुटून आवरणात अडकते. अशी केबल तेल घालून वापरत राहू नका, बदला. पंपावरची परतीची स्प्रिंग ढिली झाली म्हणून काही ठिकाणी ट्यूबची पट्टी बांधून भागवतात. उष्णतेने ती पट्टी सैल पडते आणि नेमकी गर्दीत दगा देते. मूळ स्प्रिंग महाग नसते.

नंतरच्या, कॉमन रेल इंजिनच्या गाड्यांत केबल नसते. पेडलमध्येच दोन सेन्सर असतात आणि दोघांचं म्हणणं जुळलं तरच संगणक रेस देतो. न जुळल्यास तो इंजिनला हळू चालीवर आणतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक पेडल बिघडल्यावर गाडी बहुधा पळत सुटत नाही, रडतखडत चालते.

इंजिन ऑइल पिऊन पळण्याची पूर्वसूचना मात्र बरीच आधी मिळते. ही तपासणी दर आठवड्याला करा:

- डिपस्टिक. ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं. वाढणं अधिक धोक्याचं आहे. पातळी वर चढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर पंपाच्या सीलमधून किंवा नोझलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. गाडी चालवू नका.
- ऑइल भरण्याचं झाकण. इंजिन हळू चालत असताना झाकण सैल करून उलटं ठेवा. ते उडून पडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.
- टर्बोचा पाइप. आत तेलाचा पातळ थर असणं चालतं. तेल साचलेलं असेल तर टर्बोचं सील पाहून घ्या.
- ऑइल-बाथ एअर फिल्टर. फार जुन्या गाड्यांत असतो. खुणेच्या वर तेल भरू नका, जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं.

गाडी ओढत नाही: तपासाचा क्रम

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर. नियम एकच ठेवा, स्वस्त आणि बाहेरून दिसणारं आधी, पंप-नोझल शेवटी.

सुरुवात इंजिनपासून करूच नका, चाकांपासून करा. कमी ओढणाऱ्या गाडीत अनेकदा इंजिन ठणठणीत असतं आणि ब्रेक चिकटलेला असतो. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता, चार-पाच किलोमीटर चालवा आणि उतरून चारही चाकांजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर व्हील सिलिंडर जाम आहे, कॅलिपरची पिन अडकली आहे किंवा हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली आहे.

मग क्लच. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, अशी तक्रार असेल तर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, तिसऱ्या गिअरला क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच प्लेट घसरते आहे. हा प्रयोग पुन्हा पुन्हा करू नका, प्लेट जळते.

दोन्ही ठीक असतील तर इंजिनकडे वळा:

1. डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. तळाशी पाणी दिसेल तर टाकीही साफ करा. फिल्टर ओळखीच्या दुकानातून, बिलासह घ्या. नकली फिल्टरमुळे पंप आणि नोझल दोन्ही जातात.
2. हवा धरणं. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या आणि क्लिपा पाहा. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो आणि चढावर झटके येतात, तेव्हा बहुतेकदा नळीला बारीक चीर असते.
3. एअर फिल्टर. मातीच्या रस्त्यावरच्या गाडीला पुस्तकातला कालावधी पुरत नाही. उसाच्या किंवा वाळूच्या हंगामात तो लवकर बदला.
4. टर्बो आणि इंटरकूलरचे होस पाइप. माल भरल्यावरच ओढ कमी होते, सोबत काळा धूर आणि शीळ घातल्यासारखा आवाज येतो, तेव्हा आधी हेच. चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लिपजवळ असते.
5. ब्रेकचा स्विच. कॉमन रेल गाडीत रेस अचानक मिळेनाशी होत असेल तर मागचे ब्रेकलाइट बघा. कायम पेटलेले असतील, किंवा ब्रेक दाबूनही पेटत नसतील, तर संगणकाला चुकीची खबर जाते आणि तो रेस तोडतो. पेडलजवळचा छोटासा स्विच बदलून काम होतं. याच दुखण्यासाठी आख्खं पेडल, कधी आख्खा संगणक बदललेल्या गाड्या आहेत, म्हणून हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो.
6. स्कॅनर. कोड नुसता पुसून घेऊ नका. कोडचा फोटो घ्या. पेडल हळूहळू दाबत दोन्ही सेन्सरचे आकडे सलग वाढतात का, मध्येच उडी मारतात का, ते मेकॅनिकला स्क्रीनवर दाखवायला सांगा.
7. ईजीआर आणि सायलेन्सर. काजळीने कोंडलेले असू शकतात.

एवढं झाल्यावरच नोझल, पंप आणि कॉम्प्रेशन. धुराचा रंग इथे दिशा देतो. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनवरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. पीयूसीच्या जुन्या पावत्या फेकू नका. धुराच्या घनतेचा आकडा एका पावतीपासून दुसरीपर्यंत वाढत गेला असेल तर बिघाड किती काळ शिजत होता ते कळतं.

एक गोष्ट जिवाची आहे. कॉमन रेल इंजिन चालू असताना नोझलचे लोखंडी पाइप सैल करून ‘कुठलं सिलिंडर मिस मारतंय’ ते पाहण्याची जुनी पद्धत वापरू देऊ नका. त्या पाइपांत हजार बारहून अधिक दाब असू शकतो. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर मलम लावून घरी न पाठवता त्या माणसाला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

गाडीखालचे आवाज

गिअर टाकताना खालून ‘टक्’ आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहा. ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरत असेल तर शाफ्टचा बॅलन्स किंवा सेंटर बेअरिंग. पुढच्या टोकाचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुततो, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका. मागची चाकं तिरकी चालताहेत असं मागच्या गाडीवाल्याने सांगितलं तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असण्याची शक्यता मोठी आहे. किनारपट्टीवरच्या गाड्यांनी पावसाळ्यानंतर चॅसीचे रिव्हेट आणि पाट्यांचे हँगर हातोडीने ठोकून पाहावेत. खाऱ्या हवेने लोखंड आतून पोखरलेलं असतं आणि वर रंग शाबूत दिसतो.

जादा पाटे घालून जादा माल भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये आहेत. दंडापेक्षा मोठं नुकसान पुढे होतं. दोष कंपनीचा किंवा गॅरेजचा असला तरी ‘गाडी ओव्हरलोड चालत होती’ एवढ्या एका उत्तराने तुमची बाजू लंगडी पडते.

गॅरेजमध्ये तुमचे हक्क

- काम सुरू होण्याआधी जॉब कार्ड आणि अंदाजपत्रक लेखी घ्या. ‘विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये’ असं त्यावर लिहून घ्या.
- बदललेले जुने पार्ट परत मागा.
- पक्कं बिल घ्या. त्यावर पार्टचं नाव, किलोमीटर आणि पार्टची वॉरंटी असावी.
- गाडी ताब्यात घेण्याआधी मेकॅनिकला सोबत घेऊन चालवून पाहा, शक्य तर माल भरून.

बिलावर वाद झाला तर गाडी जबरदस्तीने उचलून आणू नका. करार कायद्याच्या कलम १७० नुसार केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गॅरेजवाला वस्तू अडवून ठेवू शकतो. अशा वेळी ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’ असं लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा. अंदाजपत्रक लेखी हवं ते यासाठीच.

दोष मुळातलाच असेल तर

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तेच दुखणं दिसत असेल तर ती झीज नसून बनावटीतला दोष असू शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. तक्रार केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरच्या रिकॉल विभागात नोंदवता येते. यात मोठी अट आहे. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. गाडी सहा वर्षांची झाली असेल आणि दोषाचा संशय असेल तर आजच नोंदवा.

सात वर्षं उलटली तरी एक काम कराच. चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा आणि या नंबरवर एखादं रिकॉलचं काम बाकी आहे का ते लेखी विचारा. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतली असेल तर पहिल्या मालकाला आलेलं पत्र तुमच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुना पिकअप चालवणाऱ्या वाचकांसाठी हे सोपं आहे. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी क्रमांक टाकला की बाकी रिकॉल दिसतात, आणि तिथला कायदा मोफत दुरुस्तीची मुदत १५ वर्षांपर्यंत देतो.

ग्राहक आयोगात जाता येतं का?

‘गाडी धंद्याची आहे, म्हणून ग्राहक कायदा लागत नाही’ असं अनेकांना सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. तुम्ही स्वतः गाडी चालवून पोट भरत असाल तर तसं तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. ताफा बाळगणाऱ्या मालकांना हा मार्ग कठीण आहे.

- आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
- नाही मिटलं तर लेखी नोटीस, मग जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही.
- मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.
- मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

जुन्या गाडीत बनावटीचा दोष सिद्ध करणं अवघड जातं, कारण समोरचा पक्ष झीज पुढे करतो. गॅरेजच्या सदोष कामाची तक्रार तुलनेने सोपी आणि माझ्या मते बहुतेकांसाठी तीच शहाणपणाची.

अपघात झाला तर

गाडी लगेच उचलून दुरुस्त करू नका. पेडल, चटई, केबल, चाकांच्या खुणा यांचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि यांत्रिक बिघाडाचा संशय पोलिसांच्या पंचनाम्यात नोंदवून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे अपघातग्रस्त गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करू शकतात. ती झाल्यावरच गाडी हलवा. साध्या विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई नसते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बिघाड माहीत असून, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा असूनही गाडी रस्त्यावर आणली, तर कलम १९० मालकाला आणि ड्रायव्हरला जबाबदार धरतं. आठ वर्षांनंतर दरवर्षी मिळणारा फिटनेसचा दाखला यातून सुटका करत नाही.

दुरुस्ती की निरोप?

रिंगा गेलेल्या, पण चॅसी भक्कम असलेल्या गाडीचं इंजिन करून घ्यायला हरकत नाही. चॅसीला तडा किंवा खोल गंज असेल तर इंजिनवर रुपयाही घालू नका. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या, नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत त्यावर मिळू शकते. अशी गाडी दुसऱ्या गरजू माणसाला दोष लपवून विकू नका.

आणि रेस एकदा जरी अडकली असेल, तर ‘उद्याचा माल पोचवतो, मग दाखवतो’ म्हणून त्या गाडीने घाट चढू नका. माल दुसऱ्या गाडीने पाठवा आणि तुमची गाडी आजच गॅरेजला न्या.